ताप आलाय? तारे मोजत बसू नका
(मुंबई उपनगरांतल्या रहिवाशांना आवाहन)

पावसाळा सुरू झाला आहे. अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, पुढच्या तीन-चार महिन्यांत कुणालाच ताप आला नाही असं घर शोधावं लागेल. ताप आला की हल्ली आपण काय करतो तेही सगळ्यांना ठाऊक आहे. फोन काढतो, ‘जवळचे डॉक्टर’ असं लिहितो, नकाशावर लाल टिकल्या उगवतात आणि ज्या टिकलीखाली ४.९ दिसतं तिकडे रिक्षा वळवतो. ४.१ वाले डॉक्टर कदाचित आपल्याच गल्लीत पंचवीस-तीस वर्षं बसत असतात. रिक्षा त्यांच्या दारावरून पुढे जाते.

या पावसाळ्यात असं करू नका, हे सांगायला हा मजकूर लिहितो आहे. फोन बाजूला ठेवा असं म्हणत नाही. दवाखान्याची वेळ बघा, पत्ता बघा, लिफ्ट आहे का ते बघा. पण आईच्या तापावर, मुलाच्या खोकल्यावर, स्वतःच्या छातीतल्या कळेवर कुणाचा हात पडावा हे ताऱ्यांवर सोडू नका.

कारण तारे वैद्यकी मोजत नाहीत, वागणूक मोजतात. रिसेप्शनवरची मुलगी नीट बोलली का, एसी चालू होता का, किती वेळ बसावं लागलं, डॉक्टर हसून बोलले का, आणि घरी जाईपर्यंत बरं वाटलं का. यातलं काहीच क्षुल्लक नाही. अंगात १०३ ताप असलेल्या माणसाला दीड तास बाकावर बसवून ठेवणाऱ्या दवाखान्याला दोन तारे पडले तर पडोत. पण निदान बरोबर होतं का, औषधाची गरज होती का, जी तपासणी सांगितली ती लागतच होती का, हे रुग्णाला त्या दिवशी कळत नाही. बऱ्याचदा कधीच कळत नाही. जे आपल्याला कळत नाही त्याला आपण गुण कसे देणार?

पावसाळी तापांचंच बघा. डेंग्यूत पहिले तीन-चार दिवस ताप भडकलेला असतो आणि मग उतरतो. घरच्यांना हायसं वाटतं, डॉक्टरांचे आभार मानले जातात, काउंटरवर कुणीतरी म्हणतं, ‘एक रिव्ह्यू टाका ना’, आणि आपण पाच तारे देऊन मोकळे होतो. खरं तर डेंग्यूतला धोक्याचा काळ अनेकदा ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर चट्टे, गळून गेल्यासारखं होणं, यांवर त्याच वेळी लक्ष ठेवायचं असतं. जो डॉक्टर ‘ताप गेला तरी दोन दिवस मला रोज दाखवा’ म्हणतो, तो आपल्याला कटकट्या वाटतो. ‘पैसे काढायला बोलावतात’ अशी ओळ त्याच्या नावावर चिकटते.

मलेरियातही असंच होतं. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत आटोक्यात आल्यासारखा दिसतो. पण त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतात. ते उठू नयेत म्हणून प्रायमाक्विनचा साधारण १४ दिवसांचा कोर्स द्यावा लागतो, आणि तो देण्याआधी रुग्णाला ते औषध चालतं का हेही पाहावं लागतं. ज्याने हे केलं त्याचा आणि ज्याने केलं नाही त्याचा रुग्ण तिसऱ्या दिवशी सारखाच खूश असतो. दोघांनाही पाच तारे. दिवाळीत पुन्हा थंडी वाजून ताप आला, तर जून-जुलैत दिलेले तारे परत घ्यायला कुणी जात नाही.

आता सलाईनची गोष्ट. उपनगरांतल्या कुठल्याही वस्तीत विचारा, ‘चांगला डॉक्टर’ कोण? ‘ज्याच्या हाताला गुण आहे’ तो. आणि गुण कसा ओळखायचा? सुई मारली, बाटली लावली, संध्याकाळपर्यंत माणूस उठून बसला. याउलट एखादा डॉक्टर म्हणतो, ‘हा विषाणूचा ताप दिसतोय, अँटिबायोटिक नको, पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, उद्या रक्त तपासून या.’ मग बाहेर पडताना आपण म्हणतो, ‘यांनी काही दिलंच नाही.’ तारे कुणाला जास्त मिळतील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. उद्या खरंच न्यूमोनिया होऊन अँटिबायोटिकची गरज लागली आणि आधी गरज नसताना घेतल्यामुळे ते लागू पडलं नाही, तर त्यात आज दिलेल्या या ताऱ्यांचाही वाटा असेल.

हा माझा नुसता अंदाज आहे असं समजू नका. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या संशोधकांनी आठ विशेष शाखांमधल्या ७८ डॉक्टरांची ऑनलाइन रेटिंग्ज घेतली आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामाच्या मोजमापांशी ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ बसला नाही. त्याआधी २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी ५० हजारांहून जास्त अमेरिकन प्रौढांची माहिती तपासली होती. डॉक्टरांवर सर्वांत खूश असलेल्या रुग्णांचा औषधांवरचा खर्च जास्त निघाला, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण जास्त निघालं आणि मृत्यूचं प्रमाणसुद्धा जास्त निघालं. हसतमुख डॉक्टर घातक असतो असा याचा अर्थ नव्हे, आणि अमेरिकेचा हिशोब भांडुपला जसाच्या तसा लागू पडेल असंही नाही. पण रुग्णाचं समाधान आणि रुग्णाचं भलं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, इतकं त्यातून नक्की कळतं.

मग माणसं ताऱ्यांकडे वळली कशी? यात त्यांचा दोष नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पूर्वी फॅमिली डॉक्टर असायचे. त्यांना तुमच्या आजीचा मधुमेह आणि वडिलांची बिडी दोन्ही माहीत असे, मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं तर तेच चिठ्ठी द्यायचे. पण त्या चिठ्ठीला ‘कट’ची, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनची, कीड लागली. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ही कमिशनबाजी उघडपणे चव्हाट्यावर मांडली. २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने ‘डॉक्टरांना कमिशन नाही’ अशा आशयाचे फलक मुंबईत लावले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटना चिडल्या. त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. मसुदा झाला, कायदा झाला नाही. ज्याला चिठ्ठीवर विश्वास उरला नाही, त्याने चार अनोळखी माणसांच्या मतावर विश्वास ठेवला तर त्यात नवल काय?

शिवाय उपनगरं सतत हलती आहेत. चाळ पडते, टॉवर उभा राहतो, भाड्याने राहणारी जोडपी दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतात. मालाडहून मुलुंडला आलेल्या बाईला ‘आपले डॉक्टर’ कुठून मिळणार? जस्ट डायल ही कंपनी १९९६ मध्ये याच मुंबईत सुरू झाली, तेव्हा लोक फोन करून ‘बोरिवली पश्चिमेला कानाचे डॉक्टर’ विचारायचे. ती गरज खरी होती आणि आजही आहे. पण तेव्हाही यादीत वर येण्यासाठी पैसे मोजावे लागत, आणि आजही फोनवर सर्वांत वर दिसणाऱ्या नावाशेजारी बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. ते आपण वाचत नाही. ती जाहिरात असते.

आता हे तारे कसे तयार होतात ते ऐका. सगळे खोटे नसतात. पण खोटे किती स्वस्त असतात याची कल्पना उपनगरांतल्या हजारो लोकांना आहे, कारण त्यांच्या स्वतःच्या फोनवर तो निरोप येऊन गेला आहे: घरबसल्या काम, नकाशावरच्या ठिकाणांना पाच तारे द्या, प्रत्येक रिव्ह्यूचे पन्नास-शंभर रुपये. सुरुवातीला पैसे येतातही. मग ‘प्रीपेड टास्क’ म्हणून आधी रक्कम भरायला सांगतात आणि माणूस लाखो रुपये घालवून बसतो. या फसवणुकीच्या तक्रारी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेकडे अनेक आल्या आहेत. (असा निरोप आला तर उत्तर देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.) पैशांचा फटका बसलेल्यांबद्दल आपल्याला वाईट वाटतं. पण त्या गडबडीत कुठल्याशा न पाहिलेल्या ठिकाणांना दिलेले ते पाच तारे कित्येकदा तिथेच राहतात, आणि दुसरा कुणीतरी ते खरे मानून चालतो.

आकडेमोडही करून बघा. एका दवाखान्याला ३० जणांनी मनापासून मतं दिली आणि सरासरी ४ आली. मालकाने २० पाच-तारे विकत आणले की सरासरी ४.४ होते. शेजारच्या छोट्या दवाखान्याला १२ जणांनी पाच-पाच तारे दिले होते. तिथे एक रागावलेला माणूस आला, ऑफिसला दाखवायला आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट मागितलं, डॉक्टरांनी नाही म्हटलं, त्याने एक तारा टाकला. सरासरी ४.७ वर आली. हा प्रामाणिक डॉक्टर यादीत खाली सरकला, कारण तो प्रामाणिक होता.

नियम काय सांगतात? भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आजही लागू आहेत. त्यांत डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण मिळवण्याला बंदी आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर जाणार आहे, फी किती, अशा मोजक्या गोष्टी जाहीर करायला परवानगी आहे. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले आणि समाजमाध्यमांबद्दल स्पष्ट लिहिलं: डॉक्टरांनी रुग्णांकडून शिफारशी किंवा रिव्ह्यू मागू नयेत, ‘लाइक’ विकत घेऊ नयेत, शोधयादीत वर येण्यासाठी पैसे देऊ नयेत. २३ ऑगस्टला, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांत, ते नियम स्थगित झाले. त्यांना होणारा विरोध मुख्यतः जेनेरिक औषधं लिहिण्याच्या सक्तीवरून होता, पण ताऱ्यांचं कलमही त्यांच्याबरोबर फडताळात गेलं.

दुसरीकडे, नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का ते तपासावं, पैसे देऊन लिहवून घेतलेला मजकूर छापू नये, असं ते सांगतं. पण ते ऐच्छिक ठेवलं गेलं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं दंडनीय ठरलं आहे. आपल्याकडे ताऱ्यांच्या बाबतीत रुग्णाला सध्या स्वतःच डोळे उघडे ठेवावे लागणार आहेत.

या उपनगरांनी डोळे मिटून विश्वास ठेवण्याची किंमत आधीच मोजली आहे. ३० मे २०२१ ला कांदिवलीच्या एका मोठ्या गृहसंकुलात कोविड लसीकरणाचं शिबिर झालं. ३९० रहिवाशांनी प्रत्येकी १,२६० रुपये दिले. लसीनंतर कुणालाच ताप आला नाही, फोनवर संदेश आला नाही, आणि पुढे प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांनी आणि भलत्याच तारखांनी. मग रहिवाशांनीच कागद एकमेकांशी ताडून पाहिले आणि पोलिसांत गेले. चौकशीत शहरभरातली आणखी बनावट शिबिरं उघड झाली, फसलेल्यांचा आकडा दोन हजारांवर गेला. शिबिर घेणारे टापटीप होते, गोड बोलत होते. त्या दुपारी कुणी तारे द्यायला सांगितले असते तर ३९० वेळा पाच पडले असते. चोरी पकडली ती कागद तपासणाऱ्यांनी.

मुलुंडमध्येही असं झालं. पालिकेच्या एम. टी. अगरवाल रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग एका खासगी संस्थेकडे चालवायला दिला होता. तिथे आवश्यक पात्रता नसलेल्यांना डॉक्टर म्हणून नेमलं, असा आरोप करून २०२३ मध्ये पोलिसांत गुन्हा दाखल झाला. भाऊ गमावलेल्या एका नातेवाइकाच्या वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर तो दाखल झाला. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या घरच्यांना आत कोण आहे हे कसं कळणार? कुठलं रेटिंग हे सांगणार होतं?

म्हणून पहिली विनंती: तारे बघण्याआधी नोंदणी बघा. ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी हवी. तिचं कार्यालय चिंचपोकळीला आर्थर रोड नाक्याजवळ आहे, पण तिथे जायची गरज नाही, नाव किंवा क्रमांक घालून संकेतस्थळावर शोधता येतं. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दातांच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. बीएएमएस किंवा बीएचएमएस असणं वाईट नाही. पण आपण कुणाकडे आणि कशासाठी जातो आहोत हे माहीत असलं पाहिजे, आणि पाटीवर पदवी स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर असावा असं २००२ चे नियमच सांगतात. तो नसेल तर विचारा. विचारण्यात अपमान काही नाही, चांगला डॉक्टर रागावत नाही.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने ‘नो युवर डॉक्टर’ नावाची क्यूआर कोडची सोयही सुरू केली आहे. म्हणजे आता दवाखान्यात दोन चौकोन दिसू शकतात. एक भिंतीवरचा, जो स्कॅन केला की डॉक्टर नोंदणीकृत आहे का ते दाखवतो. दुसरा काउंटरवरचा, जो पाच तारे मागतो. पहिला आधी स्कॅन करा. दुसरा घरी जाऊन, बरं वाटल्यावर, आणि इच्छा असली तरच.

दुसरी विनंती, आत गेल्यावर चार प्रश्न विचारा. आजाराचं नाव काय, किंवा अजून नक्की नसेल तर कशाची शक्यता वाटते? ही तपासणी कशासाठी, आणि निकालाने उपचार बदलणार आहे का? हे औषध किती दिवस घ्यायचं? काय झालं तर मी ताबडतोब परत यायचं? उत्तरं मिळाली नाहीत, तर भिंतीवर कितीही तारे टांगलेले असोत, बाहेर पडा. पाण्यातून चालत घरी आला असाल आणि पायाला जखम असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या जंतूंच्या तापाने, माणसं गेली. साचलेल्या पाण्याशी संपर्क आल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. तो सल्ला देणाऱ्या पालिकेच्या दवाखान्याला कदाचित तीन तारे असतील, कारण तिथला पंखा बंद होता. तरीही जा.

पालिकेच्या रुग्णालयांबद्दल हे मुद्दाम सांगतो. घाटकोपरचं राजावाडी, कूपर, कांदिवलीचं शताब्दी, मुलुंडचं सावरकर. इथली गर्दी, अस्वच्छता, रांगेतली ओरड खरी आहे, आणि त्याबद्दल लोक चिडून लिहितात तेही खरं आहे. राजावाडीत २०२१ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला उंदराने चावा घेतला होता, हे कुणी विसरू नये. पण रांगेबद्दलचा राग आणि आतल्या डॉक्टरच्या हाताचं कसब एकाच आकड्यात मिसळलं जातं. कूपरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठी शस्त्रक्रिया सांगितली गेली असेल, गर्भाशय काढायचं आहे, गुडघा बदलायचा आहे, स्टेंट घालायचा आहे, तर कागद घेऊन अशा ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागात दुसरं मत घ्या. केसपेपरला लागतात ते पैसे नाममात्र. सकाळ मोडते, हे मान्य. पण शरीराचा एखादा अवयव काढायचा की नाही याचा निर्णय एका सकाळपेक्षा मोठा आहे.

परदेशातल्या मुलांना एक वेगळी विनंती. आई मुलुंडला, मुलगी न्यू जर्सीला. रात्री फोन येतो, मुलगी तिथून तारे बघते, अपॉइंटमेंट घेते, पैसे भरते. माया खरी, पण आईच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला एक फोन करून ‘तुम्ही कुणाकडे जाता, आणि का?’ एवढं विचारलंत तर जास्त उपयोग होईल. ‘का’ विचारायला विसरू नका. ‘हाताला गुण आहे’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

आता लिहिणाऱ्यांसाठी. रिव्ह्यू लिहूच नका असं मी म्हणत नाही, उलट लिहा. सध्या लिहितात ते मुख्यतः तरुण, इंग्रजी येणारे आणि एक तर फार खूश नाही तर फार चिडलेले. धुणंभांडी करणाऱ्या बाईचा, निवृत्त गिरणी कामगाराचा, ज्याला तारे द्यायला स्मार्टफोनच नाही त्याचा अनुभव तिथे नाही. त्यांच्यासाठी तुम्ही लिहा, मराठीत लिहा. जे तुम्हाला खरंच माहीत आहे तेवढंच लिहा: डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला का, पावती दिली का, फी आधी सांगितली का, कागदपत्रं मागितल्यावर दिली का, दुसरं मत घ्यायचं म्हटल्यावर तोंड वाकडं केलं का, आजी-आजोबांना जिना चढावा लागतो का. ‘देवमाणूस’ आणि ‘कसाई’ हे दोन्ही शब्द टाळा, त्यांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. काउंटरवर उभं राहून, कुणी बघत असताना लिहू नका. बिलात सूट मिळते म्हणून तर नकोच.

आणि खरंच चूक झाली असेल, माणूस दगावला असेल, अव्वाच्या सव्वा पैसे उकळले गेले असतील, तर एक तारा टाकून गप्प बसू नका. एका ताऱ्याने कुणाचीही नोंदणी रद्द होत नाही. २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यावी लागतात. ती आधी लेखी मागा. डॉक्टरच्या वागण्याबद्दल किंवा निष्काळजीपणाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. खासगी नर्सिंग होमची नोंदणी पालिकेच्या वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे असते, आणि २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक रुग्णालयात लावणं बंधनकारक आहे. ते लावलेलं नसेल तर तिथेच तक्रार करा. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. २०१९ च्या नव्या कायद्यात ती येत नाही असा वाद काढणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तोच निर्णय कायम ठेवला. उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. मुदत दोन वर्षांची. विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून याच कामात आहे, तिथे मार्गदर्शन मिळतं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. आणि काहीही झालं तरी दवाखान्यात जाऊन हात उगारू नका. २०१० च्या राज्याच्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच होतं.

शेवटी डॉक्टरांना. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा ताऱ्यांचा बाजार नकोसा झाला आहे, हे माहीत आहे. मग काउंटरवरचा तो ‘पाच तारे द्या’चा कार्डबोर्ड आज काढून टाका आणि नोंदणीचा कोड दारात, डोळ्यांच्या पातळीवर लावा. ज्या एजन्सीने ‘महिन्याला पन्नास रिव्ह्यू’ देऊ केले असतील तिला नाही म्हणा. आणि कुणी वाईट लिहिलं तर उत्तर देताना त्याचा आजार, त्याच्या तपासण्या, त्याची थकलेली फी चारचौघांत मांडू नका. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन त्याने एक तारा दिल्याने सुटत नाही. ‘आपण प्रत्यक्ष भेटून बोलू’ एवढी एक ओळ पुरते.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना, मंडळांच्या कार्यकर्त्यांना, शाळांच्या पालकगटांना विनंती: येत्या रविवारी तासभर काढा. परिसरातल्या दवाखान्यांची नावं, डॉक्टरांची पदवी, नोंदणी क्रमांक, फी आणि रात्री कोण उपलब्ध असतं, एवढी माहिती एका कागदावर लिहा. नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. पालिकेचा जवळचा ‘आपला दवाखाना’ कुठे आहे, पालिकेचं आरोग्य केंद्र कुठे आहे, जिथे मलेरियाची रक्ततपासणी मोफत होते, तेही त्यात लिहा. त्या कागदावर कुणालाही तारे देऊ नका. तो लिफ्टशेजारी लावा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. हा आठवडा उलटण्याआधी हे करा.